चौथा स्टड

आमच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर, निंबाच्या झाडाखाली एक डिझेल इंजिन होतं. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं. शेजारी पत्र्याचं मोठं पिंप, त्यातून इंजिनात जाणारी नळी आणि परत पिंपात येणारी दुसरी नळी. डोक्यावर चार जाड स्टड आणि त्यांवर चार नट. त्या चार नटांपैकी एकानं मला मेकॅनिक केलं.

१९७२ च्या दुष्काळापर्यंत आमच्याकडं मोट होती. त्या साली विहिरीनं तळ दाखवला आणि मोटेचे बैल रिकामे उभे राहिले. दुष्काळ सरल्यावर आबांनी विहीर आणखी खोल केली. मग तेवढ्या खोलातून मोट ओढणं बैलांना झेपेना, म्हणून भूविकास बँकेचं कर्ज काढून इंजिन घेतलं. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी निघाली, तेव्हापासून गावोगावच्या विहिरींवर इंजिनं येऊ लागली होती. पारोळा तालुक्यातल्या आमच्या शिवारातही संध्याकाळी पाच-सहा मळ्यांतून टुकटुक ऐकू यायची. घरी ओट्यावर बसून आबा सांगायचे, हे अमक्याचं, हे तमक्याचं, आणि हे आपलं. आपलं जरा अडखळलं तर ते जेवतानाही हात थांबवून ऐकायचे.

१९८६ च्या एप्रिलात ते अडखळायला लागलं. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. सकाळी हँडल मारून मारून दंड भरून यायचे तेव्हा कुठं इंजिन धरायचं. धूर पांढरा. पिंपात बघितलं तर पाण्यात बुडबुडे. आबा म्हणाले, हेडचं पॅकिंग गेलं. म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट जळालं होतं आणि सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत होता.

त्या वेळी दोन एकर उन्हाळी भुईमूग होता. आऱ्या जमिनीत गेल्या होत्या, शेंगा भरायला लागल्या होत्या. आठ-नऊ दिवसांनी पाणी लागायचं, आणि ती पाळी आलीच होती. आक्काचं लग्न ठरलेलं होतं. तिथी काढायची होती ती भुईमुगाच्या पैशावर.

आबा पारोळ्याला जाऊन गॅस्केट घेऊन आले, पण फिटर मिळाला नाही. लगीनसराईचे दिवस. "फिटर म्हने चार दिन येवाव नहीं," आबा म्हणाले आणि डोक्याचा रुमाल काढून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना एका नातेवाइकाच्या हळदीला जावंच लागलं. मी आणि माझा चुलतभाऊ घरी राहिलो. फिटरला हेड उघडताना मी दोनदा बघितलं होतं. त्यात काय आहे? चार नट. काढायचे, पॅकिंग बदलायचं, आवळायचे.

काढले. पॅकिंग बदललं. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे विळ्याच्या टोकानं खरवडले. हेड बसवलं आणि आवळायला लागलो. पहिला नट पूर्ण आवळला, मग शेजारचा पूर्ण, मग तिसरा. पान्याची दांडी हातभर होती. चुलतभावानं विहिरीवरच्या जुन्या पाइपाचा चार फुटी तुकडा आणला आणि पान्यात सरकवला. "आखो आवय, ढिलं राही जाई," तो म्हणत होता. मी तालमीत जाणारा पोरगा, आवळत राहिलो. चौथ्या नटाला आणखी एक हिसका दिला. नट घट्ट होता तो एकदम मऊ लागला. लोण्यात सुरी जावी तसा पाना फिरला. मला वाटलं, आता बसला. तेवढ्यात कट् असा आवाज झाला आणि मी पाइपासकट निंबाच्या बुंध्यावर जाऊन आदळलो.

स्टड तुटला होता. तोही ब्लॉकच्या तोंडाशी, पकडीत धरायला जागा न ठेवता.

संध्याकाळी आबा आले. लग्नाच्या पंगतीतून माझ्यासाठी बुंदी बांधून आणली होती. इंजिनापाशी उभे राहिले, वाकून तुटलेल्या स्टडवरून बोट फिरवलं. मी मार खायच्या तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "तुन्हामा इतली ताकद शे, हाई माले माहीत व्हतं. त्या नटले काय माहीत?"

ब्लॉक बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत आणि तिथून ट्रकनं धुळ्याला गेला. तिथं लेथवाल्यानं तुटका तुकडा ड्रिलनं कोरून काढला. पण भोकातले आटे गेलेच होते. मग भोक मोठं करून नवे आटे पाडले आणि खाली जाड, वर बारीक असा खास स्टड करून बसवला. या सगळ्यात बारा दिवस गेले. शेजारच्यांनी एक रात्र पाणी दिलं, पण त्यांचंही पीक होतं. भुईमूग उपटला तेव्हा निम्म्याहून जास्त शेंगा पोचट. माय एकेक शेंग बोटांत दाबून बघायची आणि टाकून द्यायची. आक्काचं लग्न पुढच्या सालावर गेलं. लेथवाल्याचे पैसे द्यायला आबांनी एक गोऱ्हा विकला. तो आक्कानं वाढवलेला होता. आक्का मला काही बोलली नाही. दावं तेवढं दोन दिवस तिनं खुंट्यालाच राहू दिलं.

जूनमध्ये निकाल लागला, पास झालो. पण मी पुढं शिकलो नाही. आबांना म्हटलं, धुळ्याला गॅरेजात राहतो. त्यांनी कारण विचारलं नाही.

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता एकमेकांना भेटतात. चारी दिशांचे ट्रक तिथून जातात, त्यामुळं रस्त्यांच्या कडेनं गॅरेजंच गॅरेजं. आमच्या वस्तादांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, समोर काळी झालेली जमीन आणि एक खाट. वस्ताद जेमतेम सही करायचे. पण शेडच्या भिंतीवर एका खिळ्याला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, एक लांब पाना टांगलेला असायचा. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. दांडीच्या बाजूनं एक बारीक सळई जायची आणि मुठीजवळच्या आकड्यांच्या पट्टीवर तिचं टोक यायचं. ओढलं की दांडी वाकायची, सळई सरळ राहायची, आणि किती ओढलं तो आकडा दिसायचा. मी पहिल्यांदा बघितलेला टॉर्क पाना तो.

वर्षभर मी धुणं-पुसणंच केलं. तेव्हा राग यायचा. पण आवळण्याचं निम्मं काम त्या धुण्या-पुसण्यातच असतं, हे पुढं कळलं. ब्लॉकचं आणि हेडचं तोंड आरशासारखं साफ पाहिजे, पण खरवडताना त्यावर ओरखडा उमटता कामा नये. मला विळ्याचं टोक आठवायचं. मग सरळ पट्टी उभी धरून तिच्याखालून फीलर गेजची पातळ पात जाते का बघायची. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा जाड पात गेली तर हेड वाकलेलं आहे. ते मशिनवर घासून आणल्याशिवाय कितीही आवळा, उपयोग नाही. बोल्टची भोकं तळापर्यंत कोरडी करायची. एका पोरानं भोकात तेल राहू दिलं आणि बोल्ट आवळला. तेल काही दबत नाही. ते बाहेरही निघेना, आणि ट्रकच्या ब्लॉकला केसाएवढी चीर गेली. त्या दिवशी वस्ताद जेवले नाहीत.

स्टड का तुटला, हे मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी सायकलच्या ट्यूबची एक चिरफळी घेतली आणि ओढून दाखवली. बोल्ट आवळला की तो ताणला जातो, डोळ्याला दिसणार नाही इतका. ताणलेला बोल्ट परत आखडायला बघतो आणि हेडला खाली दाबून धरतो. पकड असते ती त्या ताणाची. ताण कमी पडला तर वायू निसटतो. हद्दीबाहेर ताणला तर बोल्टमधली आखडण्याची ताकदच संपते. तेव्हा नट मऊ लागतो आणि आपल्याला वाटतं, आता बसला. "बेटा, नट से कुश्ती नहीं खेलने का," ते म्हणाले.

पुढं मी स्वतः हिशोब करायला शिकलो. आमच्या त्या लहान इंजिनाच्या सिलिंडरचं तोंड आठ सेंटिमीटरचं, म्हणजे पन्नास चौरस सेंटिमीटर. आत डिझेल पेटताना प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साठ किलोचा दाब धरला तर हेडला खालून तीन टनांचा धक्का बसतो. तीस क्विंटल कापूस भरलेली ट्रॉली खालून उचलावी तसा. आणि मिनिटाला पंधराशे फेरे असतील तर हे साडेसातशे वेळा. एवढं सगळं चार नटांवर.

आता पाइपाचा हिशोब. समजा पुस्तकात बारा किलो-मीटर लिहिलं आहे. म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला बारा किलोचा जोर. फूटभर पान्यावर हाच जोर चाळीस किलोचा होतो, माणसाला दम लागतो, आणि तो आपोआप थांबतो. चार फुटी पाइप लावला की दहा किलोतच काम होतं, लहान पोरही करेल. मी त्या पाइपावर पन्नास किलोचा तरी हिसका दिला असणार. म्हणजे पाचपट. त्या नटाला काय माहीत?

वस्ताद नट आवळायच्या आधी हेडवर खडूनं आकडे लिहायचे. मधल्यांपासून सुरुवात, मग एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असं बाहेरच्या कोपऱ्यांकडं जायचं. उघडताना उलटं, कोपऱ्यांकडून मध्ये. चारच नट असले तर समोरासमोरचे, तिरपे. ज्यानं बाजेची सुंभ ओढली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. एका बाजूनं ओढत गेलं तर बाज कणा धरते. आवळायचं ते तीन फेऱ्यांत: पहिल्या फेरीत साधारण तिसरा हिस्सा, दुसरीत दोन तृतीयांश, तिसरीत पूर्ण. हिसका द्यायचा नाही. विहिरीतून भरली घागर काढताना दोर जसा एकसारखा ओढतो तसं ओढायचं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमजली. आपण जेवढा जोर लावतो त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसत्या घर्षणात जातो, नटाच्या तळाशी आणि आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो तो दहावा हिस्सा. म्हणून गंजलेल्या आट्यांवर आकडा बरोबर येतो पण पकड कमी राहते. आणि पुस्तकानं कोरडे सांगितलेले आटे तेलात बुचकळले तर त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. आकड्यावर विसंबायचं तर आधी आटे साफ पाहिजेत. तेल लावायचं की नाही, तेही पुस्तक सांगेल तसं.

सात वर्षांनी मी गावाकडं परतलो आणि हमरस्त्याला लागून छोटं गॅरेज टाकलं. ट्रॅक्टर वाढले होते. टॉर्क पाना घ्यायला जळगावला गेलो. नेरी नाक्याच्या बाजूला दुकानं बघत फिरलो. एका दुकानदारानं तीन पाने समोर ठेवले. एक वस्तादांसारखा, सळईचा. दुसरा खटक्याचा, मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की कट् वाजतो. तिसराही खटक्याचाच, पण भलामोठा, पाऊण इंची चौकाचा, सातशे न्यूटन-मीटरपर्यंतचा. माझे डोळे मोठ्यावर. महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त पैसे मोजले आणि एसटीत तो पाना मांडीवर धरून बसलो. लहानपणीचा पाइपच मी विकत घेतला होता, हे तेव्हा कळलं नाही.

कळलं ते चार महिन्यांनी. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं हेड मी बांधून दिलं. त्याच्या बोल्टांना शंभराच्या आसपास न्यूटन-मीटर लागायचे, आणि माझ्या पान्याचे आकडेच एकशे चाळीसपासून सुरू व्हायचे. मी अंदाजानं मूठ खाली फिरवली. त्यात मधल्या काळात हाच पाना चुलतभावानं मागून नेला होता आणि ट्रॉलीच्या चाकाचे जाम नट त्यानंच उकलले होते. मीच दिला होता. आठ दिवसांत ट्रॅक्टर परत आला. रेडिएटरमध्ये बुडबुडे. मृगाचा पाऊस पडून गेलेला, वाफसा आलेला, पेरणी खोळंबलेली. तो माणूस ओरडला नाही. बाजूच्या दगडावर बसला आणि डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मला आबा दिसले.

रात्रीच्या गाडीनं धुळ्याला गेलो. वस्तादांच्या खिळ्यावरचा पाना मागितला. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग स्वतः उठून फडक्यासकट काढून दिला. पहाटे परत येऊन हेड उघडलं. नशीब, वाकलेलं नव्हतं. माझ्या पैशानं नवं गॅस्केट टाकलं. भोकं कोरडी केली, खडूनं आकडे लिहिले, तीन फेऱ्या केल्या. दुपारी ट्रॅक्टर शेतात गेला. मजुरी घेतली नाही. त्यानं संध्याकाळी पोराच्या हाती शेरभर शेंगदाणे पाठवले. ते मी दोन दिवस खाऊ शकलो नाही.

मोठा पाना मी ट्रकवाल्या एका मेकॅनिकला विकला. त्याच्या कामाचा तो होता. मग अर्धा इंची चौकाचा, चाळीस ते दोनशेचा घेतला. आता नवी पोरं विचारतात तेव्हा मी हेच सांगतो: आधी तू कोणते बोल्ट आवळणार ते लिहून काढ. ते आकडे पट्टीच्या मधोमध येतील असा पाना घे. खालच्या पाचव्या हिश्श्यात कुठल्याच पान्यावर विश्वास ठेवू नये. एकच पाना सगळ्याला पुरत नाही. पुस्तकात किलो-मीटर आहे, फूट-पाउंड आहे की न्यूटन-मीटर, ते दोनदा बघ. एक किलो-मीटर म्हणजे जवळपास दहा न्यूटन-मीटर. पण फूट-पाउंडाच्या पट्टीवर न्यूटन-मीटरचा आकडा लावलास तर छत्तीस टक्के जास्त आवळशील. कट् वाजलं की थांब, खात्रीसाठी पुन्हा ओढू नकोस. काम झालं की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेव, आतल्या स्प्रिंगला विसावा दे. उकलायला कधीच वापरू नकोस. वर्षातून एकदा तपासून आण. पैसे कमी असतील तर सळईचा घे. त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, सळईचं टोक शून्यावर आहे एवढं बघायचं.

अलीकडं काही इंजिनांना असे बोल्ट येतात की ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळून मग ठरलेल्या अंशांनी आणखी फिरवायचे. ते बहुतेक एकदाच वापरायचे असतात, उघडले की नवे. उलट जुन्या इंजिनांत थोडं चालवून नट पुन्हा तपासायला सांगितलेलं असतं. म्हणून काम कितव्यांदा का असेना, मी पुस्तक उघडतो. वस्तादांना वाचता येत नव्हतं, पण ते पोराकडून आकडा दोनदा वाचून घ्यायचे.

आबा थकल्यावर एकदा मी आमच्या ट्रॅक्टरचं हेड घराच्या अंगणात उघडलं. ते बाजेवर बसून बघत होते. शेवटच्या फेरीत मी त्यांना हाताला धरून आणलं आणि पाना त्यांच्या हातात दिला. एकच बोल्ट राहिला होता. त्यांनी दोन्ही हातांनी हळूहळू ओढलं. कट् वाजलं. ते दचकले आणि हात काढून घेतला. त्यांना वाटलं, तुटला.

"काही तुटलं नाही आबा. झालं."

"बस? इतलंच?"

"इतलंच."

त्यांनी बोल्टवरून बोट फिरवलं, त्या दिवशी फिरवलं होतं तसंच. मग म्हणाले, "आक्काले सांग, चहा कर म्हना." आक्का माहेरपणाला आलेली होती. ती दारात उभी राहून बघत होती.

आता विहिरीवर विजेची मोटर आहे. इंजिन निंबाखाली तसंच आहे, पिंप गंजून गेलं. भंगारवाला दरवर्षी विचारतो. चार स्टडपैकी तीन मूळचे आहेत. धुळ्याच्या लेथवर केलेला चौथा त्यांच्यापेक्षा जरा उजळ दिसायचा, आता गंज चढून सगळे सारखेच झालेत. पण मला तो ओळखू येतो.

मागच्या उन्हाळ्यात आक्काच्या मुलाचा फोन आला. त्यानं जुना ट्रॅक्टर घेतला आहे, हेड उघडलं होतं. "मामा, किती आवळू?" मी म्हटलं, पुस्तकात काय लिहिलंय? तो म्हणाला, पुस्तक नाही, पण माझ्यात ताकद भरपूर आहे, पाइप पण आहे.

मी म्हटलं, "हात लावू नको. मी पाना घेऊन येतो."